आठ मोटारींची बाई

तीन वेळा मला पारडी नाक्यावर पाठवलं, रस्ता मोजायला.
पहिल्यांदा रोजंदारीवर, बावीस रुपये आणि एक चहा,
निंबाच्या सावलीत पोत्यावर बसून,
गुडघ्यावर पाटी, पाटीवर तक्ता.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
पाच सायकली गेल्या की कागदावर
एक लहानसं फाटक बंद व्हायचं.

देवतळे साहेबांनी तेव्हाच समजावलं गणित:
मोटार म्हणजे एक.
सायकल अर्धी, ट्रक तीन,
बैलगाडी आठ.
"आठ काऊन साहेब?"
"हळू चालते ना बाप्पा. जेवढं हळू, तेवढा रस्ता खाते."
कळमन्याकडे निघालेली एक बंडी, वर संत्र्याच्या पेट्या,
मागे हॉर्न वाजवत अडकलेले आठ साहेब.
मला ते गणित फार आवडलं.

पायी चालणाऱ्याला रकाना नव्हता.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा निंब नव्हता.
रस्ता चौपदरी, मधोमध कण्हेर.
जोडीला यादव धकाते,
तो भंडाऱ्याकडून येणारे मोजायचा, मी जाणारे.
बंड्या संपल्या होत्या. त्यांचा रकाना
छापलेला होता अजून, सरकारी छपाई, दिवसभर कोरा.

तेव्हा ती दिसली. कौतिका निमजे.
अलीकडे रंगाऱ्याचं घर, पलीकडे माग.
डोक्यावर ओल्या सुताच्या लडी,
तांबडं पाणी कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत.
कण्हेरीत उभी राहायची,
एक ट्रक जाऊ द्यायची, अजून एक जाऊ द्यायची,
मग हात असा पुढे धरायची
जशी दारात घुसणारी म्हैस थोपवावी,
आणि भंडारा रोड थांबायचा.
दिवसातून आठ खेपा.

तिसऱ्या दिवशी मी रेघ मारली,
बैलगाडीच्या रकान्यात.
हळू चालते, रस्ता खाते,
नियमाबाहेर मी काही केलं नाही.
आठ आठे चौसष्ट.
धकाते म्हणाला, "मले मरवतं का बे?"
मी म्हटलं, "तू आपले येणारे मोज."

साहेबांनी विचारलं, "या बंड्या कुठून आल्या आता?"
"येतात साहेब. सुताच्या."
त्यांनी चष्मा पुसला. सही केली.

सात वर्षांनी उड्डाणपूल आला.
माझ्या चौसष्टानं आला असं मी म्हणत नाही,
एवढ्या बेरजेत चौसष्ट म्हणजे मिठाची चिमूट.
पण वाहतूक फार, रस्ता अपुरा,
असं ज्या पानावर लिहिलं होतं
त्या पानाच्या तळाशी तीही होती, डोक्यावर लडी घेऊन.
आठवड्याभरात कितीदा तिला मी जड केलं,
आणि किती खूश होतो
संध्याकाळी सायकल काढताना.

तिसऱ्यांदा मोजायचं नव्हतंच.
खांबावर कॅमेरा लावणाऱ्या पोट्ट्याची शिडी धरायची होती.
याला सगळं येते काका, तो वरून म्हणाला,
रात्रीचं, धुक्यातलं, समदं.
"पायी माणूस?"
"माणूस दिसला की सोडून देते. घोळ होते मोजणीत."

पुलाखाली आता जाळी आहे, छातीपर्यंत.
ओलांडायचं तर पुढच्या कटापर्यंत जा, वळा, तेवढंच परत या.
रंगाऱ्याच्या घराला शटर, आत टायर.
पलीकडे माग चालतो की नाही
ते या आवाजात कळत नाही, आणि मी विचारलंही नाही कोणाला.
बारा नंबरच्या खांबापाशी तासभर उभा राहिलो.
तिथे जाळीचे दोन गज वाकवलेले आहेत,
एखादी बाई ओझं आधी पलीकडे देऊन
मग आडवी होऊन निघेल एवढे.
एका गजावर काहीतरी तांबडं होतं.
गंज असेल.
मी बोट लावून पाहिलं नाही.
खिशातला पेन काढला, तक्ता तर नव्हता,
तळहातावर एक रेघ ओढली.
उभी.